उंबऱ्याच्या आतला धंदा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शिक्षक होते. शिक्षकाच्या स्मृतीला रुक्ष पण उपयोगाचा विषय शोभतो, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि आजचा विषय निवडला: शेतकऱ्यांच्या गावात घरातून चालणारे धंदे, आणि कुठे काय चालेल हे ठरवणारे नियम. मी नगररचनेतली माणूस. आमच्या विषयावरची भाषणं लोक जांभया देत ऐकतात, हे मला माहीत आहे. पण आज इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरात काही ना काही बनतं आणि विकलं जातं? हात वर करू नका, पुढच्या रांगेत महसूल खात्याचे लोक बसलेत. (हशा)

ऊसपट्ट्यातल्या मंडळींना झोन ही काय चीज असते ते शिकवावं लागत नाही. आपला ऊस आपल्या झोनच्या कारखान्यालाच घालायचा, ही सक्ती त्यांनी अनेक वर्षं सोसली. नव्वदच्या दशकात ती झोनबंदी उठली. मी बोलणार आहे ती झोनबंदी अजून उठलेली नाही. ती तुमच्या परड्यात आहे, सोप्यात आहे, शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. बहुतेकांना ती दिसत नाही. कर्ज काढताना दिसते, वीजजोड घेताना दिसते, आणि भाऊबंदाशी बिनसलं की लख्ख दिसते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांची अडचण नको. आपला कायदा विचारतो: ही जमीन कसली आहे? त्याने विचारायला हवं: या धंद्याचा शेजाऱ्याला काय त्रास आहे? एवढंच. बाकी सगळं या दोन प्रश्नांचं विवरण.

पहिला मुद्दा. शेती कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. या कायद्याने जमिनीचे दोन ढीग केले, शेती आणि बिनशेती. शेतजमिनीवर शेतकऱ्याला काय बांधता येतं? शेतघर बांधता येतं. आणि शेतघराची व्याख्या वाचण्यासारखी आहे. अवजारं, खत, वैरण ठेवायची जागा. पिकलेला माल साठवायची जागा. जनावरांचा गोठा. कुटुंबाच्या, गड्यांच्या, कुळाच्या राहण्याची जागा. आणि शेवटी एक मोठी पिशवी उघडी ठेवली आहे: वहिवाटीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेलं दुसरं काहीही. आता अविभाज्य म्हणजे काय, हे कोण ठरवणार? तलाठी. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. हुद्दा बदलला, प्रश्न तोच राहिला.

चला, आपणच ठरवून बघू. लासलगावकडची कांद्याची चाळ. शेती की धंदा? शेती, कुणीही सांगेल. तासगावकडचं बेदाण्याचं शेड घ्या. द्राक्षं काढली, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुचकळली, जाळ्यांवर पसरली, वारा लागून सुकली. शेतीच म्हणू. मग त्या बेदाण्याची मशीनवर प्रतवारी केली, खोक्यात भरला, खोक्यावर नाव छापलं. अजून शेती? करवीर-पन्हाळ्याकडचं गुऱ्हाळ घ्या. चुलवाण, काहील, धुराडं, गुळव्या, चिपाडं वाळत घालणारे गडी. कारखान्यात जे होतं तेच तिथे लहान प्रमाणावर होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या ते उसाच्या फडाशेजारीच होत आलं आहे. हळद शिजवणं शेती. हळद वाळवणं, पॉलिश करणं शेती. हळद दळणं? दळून पुडीत भरणं? तीच पुडी आठवडी बाजारात न विकता मोबाइलवर ऑर्डर घेऊन पुण्याला पाठवणं?

बघा, प्रत्येक पायरीवर तुम्ही मान डोलावत होता आणि मध्येच कुठेतरी थांबलात. तुम्ही जिथे थांबलात तिथे शेजारचे थांबले नाहीत. दोन तहसीलदारही एकाच पायरीवर थांबत नाहीत. आणि जिथे अधिकाऱ्यानुसार उत्तर बदलतं, तिथे नियम असून नसल्यासारखा असतो. असतो तो फक्त अधिकाऱ्याचा मूड. परवानगीशिवाय बिनशेती वापर केला तर अकृषिक आकारणीच्या चाळीस पटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. हायवेला लागून ढाबा टाकणारा त्या चाळीस पटींना भीत नाही, तो दंड खर्चात धरूनच चालतो. भितो तो हळदीच्या पुड्या भरणारा.

इथे सरकार दोन तोंडांनी बोलतं, हेही सांगितलं पाहिजे. २०२० साली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना आली. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख रुपये. कृषी खात्याचे लोक गावोगाव फिरून सांगतात, नुसता माल विकू नका, प्रक्रिया करा. उत्तम. त्याच वर्षी राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, पाहुणे ठेवा म्हणाले. तेही उत्तम. मग बाई अर्ज घेऊन जाते तेव्हा बँक जागेचे कागद मागते. जागा नवऱ्याच्या चुलत्याच्या नावावर, गट शेतीचा, घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नोंदलेलं, पण शेड कुठेच नोंदलेलं नाही. एक खातं म्हणतं मशीन घे. दुसरं विचारतं, ठेवणार कुठे? मशीन कुठे ठेवायचं ते पहिल्या खात्याने सांगितलेलंच नसतं.

मध्यंतरीच्या काळात कायदा थोडा सैल झाला आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. महसूल कायद्यात कलम ४२ च्या पाठोपाठ अ, ब, क, ड अशी कलमं आली. प्रादेशिक योजनेत जमीन पिवळ्या, म्हणजे निवासी पट्ट्यात असेल, किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत विकसनयोग्य पट्ट्यात असेल, तर बिनशेतीसाठी वेगळी पायपीट पूर्वीसारखी उरली नाही. पण हे २०० मीटर कुठून मोजायचे? गावठाणापासून. आणि ज्या गावाला गावठाणच नाही?

कोकणातली मंडळी हसली, म्हणजे त्यांना कळलं. देशावरचं गाव एकवट असतं. मध्ये घरं, भोवती शिवार. सर्व्हे झाला तेव्हा मधल्या घरांभोवती रेघ मारून गावठाण ठरवता आलं. कोकणात गाव वाड्यांनी पसरलेलं. एक घर डोंगराच्या अंगाला, दुसरं व्हाळापलीकडे, प्रत्येकाच्या भोवती आपापली आगरं आणि कलमं. कित्येक गावांना गावठाण नावाची रेघच नाही. तिथे आमसुलं, आंबापोळी, काजूगर हे घरचेच उद्योग. आणि घर उभं आहे ते कागदोपत्री शेतात. म्हणजे आजीने पाटावर आमसुलं वाळत घातली तर ती शेती की बिनशेती, असा प्रश्न देशावरचा नकाशा कोकणाला विचारतो. गोव्यात तर काजूचे बोंडू मळायचे आणि भट्टी लावायची ती बागायतीतच, डोंगरउतारावर. रस नेऊन शहराच्या औद्योगिक वसाहतीत गाळा म्हटलं तर काय होईल? बोंडू झाडाखाली पडतात, आणि पडल्यावर फार वेळ टिकत नाहीत.

दुसऱ्या मुद्द्याकडे येते. हे असं का झालं? कारण झोनिंग जन्मलं शहरात, शहराच्या दुखण्यावर औषध म्हणून. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ साली झाला, हिंदुस्थानातला तो पहिला. न्यूयॉर्कने १९१६ साली सगळ्या शहराला पट्टे आखून दिले. आणि १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड नावाच्या एका लहानशा गावाच्या खटल्यात अशा पट्ट्यांना मान्यता दिली. त्या निकालपत्रातला एक दाखला नगररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. डुक्कर मुळात वाईट नसतं, ते गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलं की उपद्रव होतो, असा त्याचा आशय. शहरी न्यायमूर्तींना तो दाखला चपखल वाटला. पण मला सांगा, ज्या घराचा दिवाणखाना आणि गोठा यांच्यात एकच भिंत आहे, तिथे तो कसा लागू करायचा? आपल्या जुन्या वाड्यांत सोप्यावर धान्याची पोती, माजघरात जातं, परसात म्हैस. राहणं आणि कमावणं एका छपराखाली, हेच ज्या समाजाचं रोजचं जगणं, त्याला आपण कापडगिरण्यांच्या काळातल्या शहराचे पट्टे लावले.

तरीही आपल्या नियमावलीत घरधंद्याला एक खिडकी ठेवलेली आहे. २०२० साली मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळून राज्यभरासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. जुन्या नियमावल्यांमध्ये होती तीच तरतूद तिने निवासी पट्ट्यासाठी पुढे चालू ठेवली. घरातल्या माणसांनी, पगारी मजूर न लावता, रूढीने चालत आलेले व्यवसाय घरात करावेत. शिवणकाम, भरतकाम, गुंड्या करणं वगैरे. मोटार वापरली तर विजेचा एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या आत. म्हणजे एक हॉर्सपॉवर.

एक हॉर्सपॉवर. घरात कपाटाएवढी दळणाची चक्की असते ना, ती साधारण एका हॉर्सपॉवरची. म्हणजे दळण दळलं की कोटा संपला. शेवयांचं यंत्र लावलं, शिवणयंत्राला मोटार बसवली, की बाई नियमाबाहेर. लाकडी घाण्याला दोन-तीन हॉर्सपॉवरची मोटार लागते. १९३४ साली वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तिथे तेलघाणीचे, हातकुटीचे प्रयोग केले. आज त्याच घाण्याचं तेल शहरात चढ्या भावाने विकलं जातं, आणि घाणा मात्र घरधंद्याच्या व्याख्येत बसत नाही. बैल जुंपला तर बसतो बहुधा. बैलाची हॉर्सपॉवर कुणी मोजलेली नाही. (हशा)

आणि पगारी मजूर? उन्हाळ्यात कुरडया-पापडांच्या दिवसांत आळीतल्या बाया सावडीने येतात. आज माझ्या घरी, उद्या तुझ्या घरी. मोठी ऑर्डर आली तर त्यांना शेरभर पापड आणि हातावर दोनशे रुपये दिले जातात. ही सावड की मजुरी? नियम लिहिणाऱ्याला हा प्रश्नच सुचला नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर गिरगावातली चाळ होती. तसं बघायला गेलं तर गिरगावातच १९५९ साली सात बायकांनी लिज्जतची सुरुवात केली. त्या व्यवस्थेत पीठ केंद्रावर मळलं जातं आणि लाटणं घरी होतं. कुठला भाग घरी आणि कुठला केंद्रावर, याची ती विभागणी त्या बायकांनी कामाकडे बघून केली, जमिनीच्या रंगाकडे बघून नव्हे. मळण्याला मोटार लागते, लाटण्याला हात लागतात. इतकी सरळ गोष्ट.

आपल्याकडे मोजमापाने चालणारे नियम अजिबात नाहीत असं नाही. आहेत, आणि चांगले आहेत. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांमध्ये एक तरतूद आहे: घराच्या एखाद्या भागात छोटा व्यवसाय चालत असेल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागेल. जमीन निवासी पिवळी की शेतीची हिरवी, बाई शिवते की लाटते, काही विचारलं नाही. युनिट मोजले आणि प्रश्न संपवला. माझ्या मते या राज्यातला घरधंद्याबद्दलचा सर्वांत शहाणा नियम नगररचनाकारांनी केलेला नाही, विजेचे दर ठरवणाऱ्यांनी केला आहे. आवाजाचंही तसंच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली. प्रदूषणाच्या बाबतीत उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी आणि २०१६ पासून पांढरी अशी प्रतवारी आहे. पांढऱ्यात मोडणाऱ्याने नुसती खबर द्यायची. हे सगळे नियम परिणाम बघतात. मग जमिनीचाच कायदा रंगाला चिकटून का?

इथे कुणी म्हणेल, बाई, तुम्ही घरधंद्यांची वकिली करताय, शेजाऱ्याचं काय? त्याच्याकडेच येते आहे. ज्यांच्या आळीत मिरचीचं कांडप आहे ते हात वर करतील? इथे हात वर करायला हरकत नाही. बघा. फाल्गुन-चैत्रात, वर्षाची चटणी करायच्या दिवसांत, सकाळी आठला डंक सुरू होतात ते रात्री नऊपर्यंत. सगळी आळी खोकते. दम्याचा माणूस असेल तर त्याला महिनाभर लेकीच्या गावी पाठवतात. हा त्रास खरा आहे. आणि जमिनीचा रंग बघणारा कायदा त्यावर काहीच करू शकत नाही. कांडप गावठाणात असेल तर बिनशेतीचा प्रश्न येत नाही, ग्रामपंचायतीने कधीकाळी ना हरकत दिलेली असते, झालं! त्याउलट तेच कांडप वस्तीपासून लांब, शेतातल्या शेडमध्ये, वाऱ्याच्या उलट अंगाला नेलं तर शेजाऱ्याचा त्रास संपतो आणि कायद्याचा सुरू होतो. म्हणजे जिथे त्रास, तिथे मोकळीक. आणि जिथे कुणाला त्रास नाही, तिथे नोटीस. याहून उलटं काय असणार?

कांडपाला काय लागतं? बंद खोली, धूळ ओढणारा पंखा आणि वर पिशवी, कामाच्या वेळा, आणि दारात उभ्या राहणाऱ्या रिक्षांची सोय. यातलं एकही झोनच्या नकाशात दाखवता येत नाही. हे कागदावर अटी म्हणून लिहावं लागतं, आणि ते पाळलं जातं का हे गावातच कुणीतरी बघावं लागतं.

गावात कुणी बघायचं? हा तिसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड. लगेच उत्तर येतं, ग्रामसभा. घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने अकरावी अनुसूची आली, तिच्यातल्या २९ विषयांमध्ये अन्नप्रक्रियेसह लघुउद्योग आहेत, खादी आणि कुटिरोद्योग आहेत. विषय पंचायतीचा आहे, यात वाद नाही. पण गावाच्या हाती निर्णय दिला की न्याय झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी गावाचा इतिहास जरा निरखून बघावा.

ज्या १९१५ साली मुंबईचा नगररचना कायदा झाला, त्याच साली त्रिंबक नारायण आत्रे यांचं गावव्यवस्थेवरचं ‘गांव-गाडा’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. एकाच वर्षी दोन नियोजनं पुस्तकात आली म्हणा. एक इंग्रजांच्या कायद्याच्या पुस्तकात, दुसरं आत्र्यांच्या. कारण गावात झोनिंग नव्हतं हे खोटं आहे. होतं, आणि फार कडक होतं. कुंभाराची भट्टी कुठे, लोहाराचा भाता कुठे, परटाचा घाट कुठला, आणि कातडं कमावायचं ते गावकुसाबाहेर. त्याला वरकरणी कारण वासाचं, पाण्याचं, जाळाचं होतं. पण वास कातड्याचा आणि जागा मात्र माणसाची ठरवली गेली. तो माणूस दुसरा कुठला धंदा करू लागला तरी त्याचं घर गावकुसाच्या आत आलं नाही. त्रास हे निमित्त होतं, जात हा नियम होता.

हे जुनं झालं म्हणता? आजच्या तक्रारी वाचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत. ती चप्पल आजही घराच्या ओट्यावर, घरातल्या बायकापुरुषांच्या हातांनी बनते. त्या ओट्याबद्दल ‘वास येतो’ असा अर्ज येऊ शकतो. आणि त्याच गावात मध्यभागी पन्नास म्हशींचा गोठा असतो, शेणमूत गटारात जातं, गटार तुंबतं, आणि अर्ज येत नाही. का येत नाही? गोठा कुणाचा आहे ते बघा, म्हणजे कळेल. भावकीचंही तसंच. वाटणीत बिनसलं की चुलतभावाला एकाएकी पिठाच्या गिरणीचा आवाज सहन होईनासा होतो. पंधरा वर्षं होत होता, आता होत नाही. नियम जितका संदिग्ध, तितका तो सूड घ्यायला सोयीचा. म्हणून मी म्हणते, ग्रामसभेला अधिकार द्या, पण मोकळं मैदान देऊ नका. ‘उपद्रव’ एवढाच शब्द लिहून सोडून दिलात तर उपद्रव कुणाचा हे गावातली सत्ता ठरवेल. डेसिबल लिहा, तास लिहा, सांडपाण्याचा शोषखड्डा लिहा. आकडे लिहिले म्हणजे पाटलाच्या गोठ्यालाही तेच लागू होतात आणि ओट्यावरच्या चपलेलाही.

आणि या सगळ्यात बाई कुठे आहे? घरधंदा म्हणजे बहुतांशी बाईचा धंदा. तो घरातून का चालतो? तिला घर आवडतं म्हणून नाही. सकाळी भाकरी, मग रानात, दुपारी उन्हं चढली की परत, आणि मग संध्याकाळच्या चुलीपर्यंत जे तीन-चार तास मिळतात त्यात तो धंदा बसवलेला असतो. तिला जर सांगितलं की तुझं शेड शेतीच्या पट्ट्यात आहे, हे इथे चालणार नाही, एमआयडीसीत गाळा घे, तर ती एमआयडीसीत जात नाही. ती धंदा बंद करते. कुठल्याही नोंदीत तो बंद पडल्याचं दिसत नाही, कारण चालू असल्याचंही दिसत नव्हतं. बचत गटांच्या चळवळीने तिला कर्ज मिळवून दिलं, माविम, उमेद यांसारख्या सरकारी यंत्रणांनी प्रशिक्षण दिलं, पण जागेच्या उताऱ्यावर तिचं नाव नसेल तर परवानगीचा अर्ज कोण करणार? अर्जदार म्हणून नवरा, नाहीतर सासरा. धंदा तिचा, परवाना त्याचा.

इथवरचं थोडक्यात सांगते, मागून आलेल्यांसाठी. शेती आणि धंदा यांच्यातली रेघ जमिनीवर सापडत नाही. झोन शहरातून आले आणि गावाच्या घराला बसत नाहीत. आणि गावाचं स्वतःचं जुनं झोनिंग काही स्वर्गातलं नव्हतं. मग करायचं काय?

जरा लांब जाऊन येऊ. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर नावाचा परगणा आहे, अमिश शेतकऱ्यांचा. विजेच्या तारा घरात न घेणारी, घोडागाडी वापरणारी, पोराबाळांनी भरलेली माणसं. जमीन महागली, वाटण्या होत गेल्या, सगळ्या मुलांना शेत पुरेना. मग त्यांनी शेतावरच सुतारकाम, लोहारकाम, गोधड्या, बेकरी असे धंदे सुरू केले. तिथे गावोगावच्या टाउनशिपा झोनिंगचे नियम करतात, त्यांची अडचण झाली. शेतीच्या पट्ट्यात कारखाना कसा चालू द्यायचा? आणि नाही म्हणावं तर शेतकरी जगणार कसा? हळूहळू जे नियम ठरत गेले त्यांचा सर्वसाधारण साचा असा: मालक त्याच जागेवर राहणारा हवा. धंदा शेतीला दुय्यम हवा. बाहेरच्या कामगारांची संख्या बांधलेली. शेडचं क्षेत्रफळ बांधलेलं. पाटी लहान. आणि धंदा यापुढे वाढला तर त्याने शेतावरून उठून योग्य जागी जायचं. भांडणं तिथेही झाली, कोर्टकज्जे झाले. पण भांडण आकड्यांवरून झालं: किती माणसं, किती चौरस फूट. शेती म्हणजे काय, या तत्त्वज्ञानावर नाही. आपण त्या तत्त्वज्ञानात साठ वर्षं अडकलो आहोत.

तोच विचार आपल्याकडे आणायचा तर माझ्या मनातली योजना साधी आहे. ठरावीक मर्यादेखालच्या घरधंद्याला परवानगी लागूच नये, नोंद पुरावी. ग्रामपंचायतीत एक वही, एक पानाचा अर्ज, आणि अर्ज धंदा करणाऱ्याच्या नावाने. उतारा कुणाच्याही नावावर असो, घरात राहते एवढं पुरे. मर्यादा कशाच्या? मोटारीची शक्ती, आणि ती एक हॉर्सपॉवर नको, पाच तरी हवी. बाहेरची माणसं, समजा चार, सावडीच्या बाया न धरता. कामाच्या वेळा. सांडपाणी आपल्याच हद्दीत जिरवायचं. जाळ आणि धूळ असेल तर त्याची सोय. आकड्यांवर वाद घाला, जरूर घाला. आकडे असावेत यावर घालू नका. ही नोंद बँकेने आणि वीज कंपनीने जागेचा कागद म्हणून मानली पाहिजे, नाहीतर ती वही नुसती धूळ खाईल. तक्रार आली तर ग्रामसभेने ऐकावी, पण अपील गावाबाहेर, तालुक्याला. का, ते गोठ्याच्या गोष्टीत सांगितलं.

याचा गैरफायदा घेतला जाणार नाही का? घेतला जाईल. घरधंद्याच्या नावाखाली गोदामं येतील, कृषी पर्यटनाच्या नावाखाली दारूचे अड्डे आणि लॉज येतील, फार्म हाऊसचं प्लॉटिंग तर येऊन बसलंच आहे. हिरवा पट्टा ठेवण्यामागचा हेतू खोटा नाही. महाराष्ट्रातली बरीचशी शेती कोरडवाहू. पाण्याखालची जमीन थोडी, तीवर काँक्रीट पडलं की ती परत येत नाही. म्हणूनच तर मर्यादा शेडच्या क्षेत्रफळाला हवी, आणि मालक तिथे राहणारा हवा ही अट तर अगदी पक्की हवी. पुण्यात राहून मुळशीत ‘घरधंदा’ चालवता येणार नाही. ही एक अट नीट पाळली तर निम्मे लबाड गळतील, कारण लबाडाला गावात राहायचं नसतं.

उरला एकच प्रश्न, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाढलेला धंदा जाणार कुठे? पाच हॉर्सपॉवरच्या वर गेला, आठ माणसं लागली, टेम्पो आळीत वळेना. गावठाण गच्च. शेजारची पाच गुंठे जमीन विकत घ्यावी तर तुकडेबंदीचा १९४७ सालचा कायदा आडवा येऊ शकतो. गायरान पूर्वी पंचायतीला वापरता यायचं, पण २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. ते योग्यच केलं, पण त्यानंतर गायरानाला हात लावायला कुणी धजत नाही. एमआयडीसी १९६२ पासून आहे. तिचे भूखंड मोठे, आणि बहुतेक गावांपासून लांब. चार बायकांच्या मसाला गटाला तिथे काय मिळणार?

म्हणून गावठाण विस्ताराचा प्रस्ताव जेव्हा पंचायत पाठवते, तेव्हा त्यात घरांच्या प्लॉटबरोबर वीस गुंठे सामायिक कामाच्या शेडसाठी धरावेत. वस्तीपासून चालत दहा मिनिटांच्या आत, म्हणजे बाईला दुपारच्या त्या तीन तासांत जाऊन येता येईल. वाऱ्याची दिशा बघून, विहिरीच्या आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला. थ्री-फेज वीज, एक बोअर, सांडपाण्याचा खड्डा, आणि आत गाळे भाड्याने, विकत नाही. विकत दिले की दोन वर्षांत तिथे बिअर शॉपी निघते, हे काय मी तुम्हाला सांगावं?

तुमच्या तालुक्यातल्या किती पंचायतींचे गावठाण विस्ताराचे प्रस्ताव सध्या जिल्हाधिकारी कार्यालयात पडून आहेत, ते सभागृहातल्या सरपंचांना ठाऊक असेल. त्यातला एखादा परत मागवून त्यात वीस गुंठे घालता येतात; प्रस्ताव मंजूर झाल्यावर येत नाहीत. मला वाटतं पाऊण तास झाला. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे, आणि मागच्या बाजूला कांडपवाले दोघं केव्हाचे हात वर करून बसलेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.